घटत्या अंगाचं माप

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

माफी. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी लिहितो म्हणालो होतो. यात्रा झाली, पाळणे उतरले, मैदान मोकळं झालं, तरी लिहिलं नाही. माफी कोणाची मागतोय ते स्पष्ट नाही, कारण ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. पण चूक ती चूक.

न लिहिण्याचं कारण प्रामाणिकपणे नोंदवतो. लिहायला बसलं की एकाच व्यक्तीबद्दल लिहिलं जायचं, आणि ते मला शोभत नव्हतं. आता मन शांत आहे. म्हणून त्या व्यक्तीचा उल्लेख एकदाच करतो आणि विषय संपवतो.

यास्मीनने नवी पेठेत सेंटर काढलं आहे.

संपला विषय.

३ फेब्रुवारी

एक राहिलं. 'सेंटर' हा शब्द मी उदारपणे वापरला. तिच्या आईचं, सरदारबींचं, बांगड्यांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, ती दुखऱ्या गुडघ्यांना आधाराचे ब्रेस बसवते. पुढे बांगड्या, मागे ऑर्थोटिक्स. माझं सेंटर दत्त चौकाजवळ. एसी आहे, कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा आहे, भिंतीवर डिग्री आहे. लोक त्यालाही दुकानच म्हणतात, ते सोडा.

यास्मीन इंटर्नशिपला माझ्याच हाताखाली होती. टेप कसा धरायचा ते मी शिकवलं. म्हणजे तिचं यश एका अर्थी माझंच. असं मानलं की त्रास होत नाही. आज मानून पाहिलं. जेवणापर्यंत जमलं.

५ फेब्रुवारी

वळसंगच्या गिरिजाबाई आल्या. थोडी शेती, एक म्हैस, वजन एकशे बारा, दोन्ही गुडघे झिजलेले. होटगी रोडचे आमचे हाडांचे डॉक्टरसाहेब मला पेशंट पाठवतात, त्यांनीच पाठवलं. त्यांनी बाईंना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: बिजागरीचा ब्रेस लावा आणि वजन उतरवा. बाई दोन्हीला 'व्हय' म्हणाल्या होत्या.

इथे माझी पद्धत लिहून ठेवतो, कारण ती दुसरं कोणी वापरत नाही. आईबाप शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा शिवतात. मी ब्रेस घटत्या अंगाचा देतो. पेशंटने वजन उतरवायचं कबूल केलेलं असतं. मग आजच्या मांडीच्या मापाचा ब्रेस देणं म्हणजे तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. मी टेप आजच्या मांडीला लावतो आणि मनात उन्हाळ्यातली मांडी धरतो. बायकांना संकोच नको म्हणून साडीवरूनच लावतो. साडीची जाडीही वजा करतो, जरा सढळ हाताने.

गिरिजाबाई म्हणाल्या, "डागदर, लई आवळतंय की वो." (मी डॉक्टर नाही हे त्यांना दर वेळी सांगतो.) म्हणालो, आत्ता आवळेल, उन्हाळ्यापर्यंत बरोबर बसेल. त्या म्हणाल्या, "म्हंजी उन्हाळ्यात पट्टा सैल हुतोय व्हय?" म्हणालो, पट्टा नाही, तुम्ही.

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्यावर इतका विश्वास आजवर कोणी टाकला नसावा.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवी पेठेत गेलो. मोजे संपले होते. मोज्यांचं दुकान सरदारबींच्या बरोबर समोर आहे, त्याला माझा इलाज नाही.

मोजे निवडायला वेळ लागतो. तेवढ्यात जे सहज दिसलं ते: मागच्या खोलीतून तीन बायका बाहेर आल्या, तिन्ही चांगल्या भरलेल्या, तिन्ही हसत. गुडघा दुखणाऱ्याने हसण्यासारखं आत काय असतं? माझ्याकडे कोणी हसत नाही. गांभीर्य असतं.

एक बाई रिक्षात चढताना तिचा ब्रेस दिसला. बघवेना. पट्ट्याला हळद, वेलक्रोत दोरे अडकलेले, कडेची शिलाई उसवून पुन्हा घातलेली, अस्तर घामाने काळं पडलेलं. नवीन सेंटरचा माल आणि ही अवस्था. बाई मात्र टुणकन चढली. सवयीने चढली असणार.

यास्मीन स्वतः नव्वद किलोच्या आसपास असेल. मी कॉलेजपासून अठ्ठावन्न. हे अभिमानाने लिहीत नाही. फक्त विचारतो: टकल्या माणसाकडून आपण केसांचं तेल घेऊ का?

(वरचं वाक्य खोडणार होतो. हलकं आहे. पण डायरीत खाडाखोड म्हणजे अप्रामाणिकपणा.)

निश्चय: नवी पेठ बंद. मोजे सहा जोड घेतलेत, पुन्हा जायचा प्रश्नच येत नाही.

१२ फेब्रुवारी

रुमाल राहिले होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज प्रेमाचा दिवस असतो म्हणे. बायकोला, शिवलीलाला, ब्रेस दिला.

तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. दिवसभर वर्गात उभं राहून शिकवायचं, घरी आल्यावर पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं. गच्चीवर जाणं तर तिने सोडूनच दिलं होतं. माझ्याच घरात गुडघा दुखावा आणि मी इतके दिवस काही करू नये, हे मला लागत होतं. मोठ्या कंपनीची बिजागरी, अस्तर पांढरं शुभ्र, कडा मी स्वतः घासल्या. आजवरचं माझं सगळ्यात सुबक काम.

ती म्हणाली, "रीऽ, माप तरी घ्या." (आमच्याकडे 'अहो'ला 'रीऽ'.) मी म्हणालो, तुझं माप मला पाठ आहे. ती हसायला लागली. खूप वेळ हसली. पुष्कळ दिवसांनी आमच्यात असा क्षण आला.

माप खरोखरच पाठ होतं. ती शाळेत नोकरीला लागली त्या वर्षी एकदा घेतलं होतं. ते जुनं आहे याची मला जाणीव आहे. पण नवऱ्याने बायकोच्या मांडीला टेप लावून आकडा वाचावा हे मला अपमानाचं वाटतं. आणि ती पुन्हा त्या मापावर येईल असा विश्वास मी नाही ठेवायचा तर कोणी?

तिने ब्रेस लावला, दोन पावलं चालली आणि म्हणाली, "छान आहे." मग स्वयंपाकघरात गेली. पोळी लाटताना तो काढून ठेवलेला दिसला. पीठ लागू नये म्हणून. वस्तू जपणारी बाई आहे.

१८ फेब्रुवारी

मोठी बातमी. डॉक्टरसाहेबांच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, दीक्षा. मुलगी हुशार, पण बोलणं असं की समोरच्याने आधी पाणी पिऊन घ्यावं. तिचा फोन आला. डॉक्टर दर बुधवारी जास्त वजनाच्या पेशंटसाठी गुडघ्याची ओपीडी सुरू करणार आहेत. शेजारची खोली ब्रेस बसवणाऱ्याला देणार. एकालाच. मी किंवा यास्मीन. तेवीस एप्रिलला दोघांचे पेशंट बोलावून, चालवून, ब्रेस बघून ठरवणार.

दीक्षा म्हणाली, "सर, टेन्शन घ्या." मी म्हणालो, टेन्शन घेऊ नका असं म्हणायचं असतं. ती म्हणाली, "ते मी यास्मीनमॅडमना म्हटलंय."

मला बुधवार हवाच आहे. माझ्याकडे पेशंट कमी झालेत असं नाही, पेशंटच्या मधला वेळ वाढलाय. गेल्या आठवड्यात दोन दिवस सांगाड्याशिवाय कोणी नव्हतं. बुधवार मिळाला तर सेंटर तरेल. नाही मिळाला तर गाळा सोडून कोणाच्या तरी मेडिकलमध्ये कोपऱ्यात कमरेचे पट्टे विकत उभं राहावं लागेल. पण ती वेळ येणार नाही. निकाल ब्रेस बघून लागणार आहे, आणि तिचे ब्रेस मी बघितलेले आहेत.

७ मार्च

गिरिजाबाई तपासणीला आल्या. आत येण्याआधी बाहेरच्या पायरीवर बराच वेळ बसल्या होत्या, पदराआड काहीतरी चाललं होतं. माझे बहुतेक पेशंट आधी असे पायरीवर बसतात. श्वास सावरून, नीटनेटके होऊन आत येतात. सेंटरचा मान ठेवतात.

ब्रेस बघून भरून आलं. महिना उलटला तरी डाग नाही, सुरकुती नाही. विचारलं, इतका कसा जपलात? म्हणाल्या, "ट्रंकंत ठिवलाय. जुन्या पातळात गुंडाळून. सून हात लावायला बघती, म्या लावू देत न्हाय." विचारलं, आणि घालता कधी? म्हणाल्या, "सणावाराला. लग्नाला. आज तुमच्याकडं यायचं म्हून घातला."

थोडं जास्त वेळा घाला, असं सांगितलं. पण मनातून आनंद झाला. सोन्याला लावतात ती माया या बाईने माझ्या ब्रेसला लावली आहे. यास्मीनचे पेशंट तिच्या ब्रेसला पायपुसण्यासारखं वागवतात. अशा गोष्टींवरून कळतं.

मात्र जाताना बाई पुन्हा पायरीवर बसल्या. उन्हामुळे असेल.

२० मार्च

शिवलीला गच्चीवर गेली! एकटी! शाळेतून आल्यावर कुरडयांचा घाणा घेऊन, वरून हाका मारत होती, "रीऽ, चटई आणा!" दोन वर्षांनी. मी चटई घेऊन गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "काय झालं?" म्हणालो, मिरच्यांचा खाट गेला डोळ्यांत.

हा माझा ब्रेस. कपाटात बघितलं तर नीट घडी घालून ठेवलेला. कोरा करकरीत. म्हणजे मी घरी येण्याआधी काढून, पुसून, जागेवर ठेवते. एक शब्द बोलत नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

स्वभावही खुलला आहे. या महिन्यात तिसऱ्यांदा बांगड्या घेऊन आली. हिरव्या, मग लाखेच्या, मग परत हिरव्या. पूर्वी वर्षाला एकदा भरायची. कुठून घेतल्या ते विचारलं नाही. ज्या दिवशी नवरा बांगड्यांचा हिशोब मागतो त्या दिवशी संसार संपतो.

गच्चीत दोरीवर तिच्या परकराखाली आणखी काहीतरी वाळत होतं, जाडसर, जांभळ्या पट्ट्यांचं. बायकांच्या कपड्यांकडे मी बघत नाही. नजर वळवली.

३० मार्च, पाडवा

नवीन वर्ष. निश्चय: मत्सर बंद.

प्रश्न असा की मला मत्सर वाटतो का. रात्री अंथरुणावर स्वतःची उलटतपासणी घेतली. यास्मीनचं वाईट व्हावं असं वाटतं का? नाही. तिचे पेशंट माझ्याकडे यावेत असं वाटतं का? हो. तिचे पेशंट माझ्याकडे आले तर तिचं वाईट होईल का? होईल. इथे थोडा गुंता आहे.

पण ती जे करते ते शास्त्रात बसत नाही, हे बोलणं मत्सर नाही. जाड मांडी वर रुंद, खाली निमुळती, त्यामुळे ब्रेस खाली घसरतो. हे जगभरचं दुखणं आहे. दीक्षाने सांगितलं, यास्मीन ब्रेसला वरून एक फीत शिवते आणि ती परकराच्या नाडीला अडकवायला लावते. परकराची नाडी! आम्ही साडेचार वर्षं शिकलो त्यात नाडीचा उल्लेख नाही. शिवाय बायकांना पडद्याआड साडी सोडून उभं करते आणि उघड्या मांडीचं माप घेते. संध्याकाळी गुडघा सुजतो म्हणून पट्टा हातभर ज्यादा ठेवते. ज्यादा! म्हणजे पेशंटला आणखी फुगायला मोकळीकच.

दीक्षाला हे समजावलं. ती म्हणाली, "सर, तुम्हाला सगळं कसं माहिती?" म्हणालो, तूच सांगितलंस. ती म्हणाली, "मी नाडीचं सांगितलं. पडद्याचं नाही."

रुमाल घेताना दुकानदार बोलला होता.

९ एप्रिल

बेचाळीसच्या वर पारा. चनबसप्पा आले. नवी पेठेत कापडाचं दुकान, दिवसभर गादीवर बैठक, उठताना दोन माणसं लागतात. ब्रेस बॉक्समधून काढून दाखवला. बॉक्ससकट जपलाय! आतली ओल शोषणारी पुडीसुद्धा जागेवर. म्हणाले, "नंदीश, हे परत घेतात काय?" मी गमतीने म्हणालो, इतका आवडला की दुसरा हवाय? ते म्हणाले, "तसं न्हवं. समोर त्या पोरीकडं गेलो असतो मी. पण बांगड्याच्या दुकानात जाऊन मी काय भरू?"

निष्ठा. समोर सोय असून गेले नाहीत. तेवीसला यायचं कबूल केलं त्यांनी, "बसायला एसी हाय न्हवं तितं?" एवढीच अट घातली.

१६ एप्रिल

तयारी पूर्ण. तीन पेशंट न्यायचे: गिरिजाबाई, चनबसप्पा आणि शेवटी शिवलीला. तिला बघितल्यावर प्रश्नच उरणार नाही. दोन वर्षं गच्ची न चढलेली बाई आज दिवसातून दोनदा चढते.

तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला? मी पेशंट आहे का?" म्हणालो, तू माझी सर्वात चांगली पेशंट आहेस. ती म्हणाली, "शाळेला दांडी नाही मारत मी." म्हणालो, अर्धा दिवस. ती म्हणाली, "बायकोला दाखवून कोण बुधवार मिळवतं?" म्हणालो, लोक मुलांची प्रगतिपुस्तकं दाखवतात, मी तुझा गुडघा दाखवला तर काय बिघडलं. मग ती हातातल्या बांगड्या मागेपुढे करत बसली. लाजली.

शेवटी म्हणाली, "बरं. येते. पण कोणी उघडून बघणार नाही ना?" म्हणालो, गरजच काय, चाल सांगेल सगळं.

यास्मीनला निकालानंतर काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं आहे. 'खचू नकोस. शिकत राहा.' आरशासमोर म्हणून पाहिलं. 'खचू'वर जोर नको.

२३ एप्रिल, बुधवार

क्रमाने लिहितो.

हॉस्पिटलमध्ये यास्मीन आधीच होती. तिच्याबरोबर चार बायका, गप्पा मारत, डब्यातल्या कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणी खात. ब्रेस तेच, कळकट. मला बघून उठली, "सलाम सर" म्हणाली. मान हलवली. तिच्या बायका चालल्या. बऱ्या चालल्या. डॉक्टरांनी ब्रेस उलटे करून बघितले. मला त्यांची दया आली, वास आला असेल.

मग गिरिजाबाई. पाच-सात पावलांत ब्रेस पोटरीवर उतरला. डॉक्टरांनी तो काढायला लावला, अस्तर उलटलं आणि नाकाजवळ नेलं. मला म्हणाले, "नंदीश, हा बाईंनी किती वापरला?" मी म्हणालो, नियमित. गिरिजाबाई म्हणाल्या, "आत्ताच घातला की. खाली जिन्यापाशी. ह्या पोरीनं पट्टा धरला तवा बसला." पोरगी म्हणजे दीक्षा. डॉक्टर म्हणाले, "घरी का नाही घालत?" बाई म्हणाल्या, "बसत न्हाय, सायेब. डागदर म्हणले, बारीक झाल्यावर बसंल. म्हून ठिवलाय." डॉक्टरांनी विचारलं, मग वजन उतरलं का? "उतरलं की. म्हशीचं. चारा कुटं हाय?"

यास्मीनच्या बायका हसल्या. गिरिजाबाईही हसल्या. मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं.

चनबसप्पांनी बॉक्स उघडला. डॉक्टरांनी ती पुडी दोन बोटांत धरून माझ्याकडे बघितलं. मग ती परत बॉक्समध्ये ठेवली. विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

तरीही मी डगमगलो नव्हतो. म्हणालो, सर, आता शेवटची केस.

शिवलीला उठली. व्हरांडा चालून आली, उताराच्या रस्त्याने खाली गेली, जिन्याने वर आली. कठड्याला हात नाही. पिशवी खांद्याला तशीच. अख्खा व्हरांडा बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, "वा वहिनी! नंदीश, हे काय केलंस? असं काम येतं तर आधीच का नाही दाखवलं?" मी यास्मीनकडे बघितलं. ती खाली बघत होती. मला वाटलं, खचली. 'शिकत राहा' तोंडात आलं होतं.

डॉक्टर म्हणाले, ब्रेस बघू. शिवलीला म्हणाली, "राहू दे हो, चाल दिसली की." मीच म्हणालो, नाही, दाखव. मीच म्हणालो हे लिहून ठेवणं भाग आहे. दोनदा म्हणालो. दीक्षा तिला पडद्याआड घेऊन गेली. थोडा वेळ नुसत्या बांगड्यांचा आवाज. मग पडद्याआडून दीक्षाचा आवाज, नेहमीसारखा, चौथ्या खोलीत ऐकू जाईल असा:

"सर, हा नंदीशसरांचा नाहीये. हा यास्मीनमॅडमचा आहे. जांभळ्या पट्ट्यांचा."

आणि मग, "नंदीशसरांचा पिशवीत आहे. टॉवेलमध्ये."

कोणी हसलं नाही. चनबसप्पाही नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

यास्मीनच माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, भाभी अम्मीकडे बांगड्या भरायला आल्या होत्या. खाली बसल्या आणि उठवेना त्यांना. रडू आलं. मग मी काय करणार, सांगा?" जाताना हळूच म्हणाली, "आणि सर, मोज्यांना येता तेव्हा आत येत जा ना. अम्मी चहा करते. उन्हात उभे असता, आम्हाला कसंतरी होतं."

बुधवार तिला मिळाला.

रिक्षात शिवलीला म्हणाली, "मी बदलणारच होते. शप्पथ. बायकांचं बाथरूम वरच्या मजल्यावर. वर चढायला तिचा लागतो. वर जाऊन तुमचा घालणार होते, तेवढ्यात तुम्ही नाव पुकारलं." मी म्हणालो, माझा घालून उतरली असतीस कशी? ती म्हणाली, "तेच विचार करत होते."



२४ एप्रिल

शांतपणे विचार केल्यावर:

एक, डॉक्टर आधीपासून तिच्या बाजूचे होते. (पुरावा नाही. माझ्याच बायकोचं कौतुक करत होते.)

दोन, वापरून मळलेला ब्रेस चांगला आणि न वापरलेला वाईट, हे तर्काने मान्य. मनाला वेळ लागेल.

तीन, माझी पद्धत चुकीची नाही, फक्त पेशंटनी वजन उतरवलं नाही. (गिरिजाबाईंनी पायरीवर बसून तो आवळता ब्रेस चढवायचा, माझ्यासमोर चालायचं आणि पायरीवर बसून काढायचा. मला वाईट वाटू नये म्हणून. दर वेळी. हे आज दाढी करताना लक्षात आलं. कापलं.)

चार नाही.

२५ एप्रिल

बुधवारचं फारसं दुःख नाही, हे आश्चर्य. दिवसभर दुसरंच डोक्यात. शिवलीला तिथे रडली. मग त्या खोलीतून बाहेर येताना ती पण हसली असेल. त्या तिघींसारखी. मी समोर रुमाल निवडत असेन.

तिला विचारणार होतो, हसलीस का. विचारलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी विचारलं. वेगळं विचारलं. म्हणालो, माझा ब्रेस नेमका कुठे टोचायचा? ती शेंगा भाजत होती. म्हणाली, "टोचायचा कुठला, चढायचाच नाही. मांडीपाशी अडायचा." म्हणालो, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "माप पाठ आहे म्हणालात. इतक्या आनंदात होतात. मी म्हटलं, असू दे, कुणाला तरी आपण अजून तेवढ्याच वाटतो." आणि हसली. चौदा फेब्रुवारीला हसली तशीच.

म्हणालो, उद्यापासून मी तुझं माप नीट... ती म्हणाली, "आता कशाला? आहे की एक." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "डाव्याचं घ्या. तोही कुरकुरायला लागलाय."

संध्याकाळी गच्चीवरून उतरली, पलंगावर बसली, यास्मीनचा ब्रेस काढून माझ्या हातात दिला. आतापर्यंत मी तो कधी हातात घेतला नव्हता. व्यावसायिक नजरेने बघितला. बिजागरी साधी. शिलाई वाकडी. नाडीची फीत दोनदा उसवून तिसऱ्यांदा घातलेली, तिसरी शिलाई शिवलीलाच्या हातची, मी ओळखतो. अस्तर ओलं. हळदीचा डाग, खडूची पूड, तिच्या पावडरचा वास, घाम. माझ्या एकाही ब्रेसला कधी कोणाचा वास आला नाही.

परत द्यायला गेलो तर म्हणाली, "मला कशाला देता? चिंब झालाय बघा. मला बादलीपाशी वाकवत नाही. इतके दिवस लपून धुवायचे, आता काय लपवायचं? तुम्ही धुवा. ब्रश मारू नका. आणि वेलक्रो लावून धुवा, नाहीतर साड्यांचे दोरे ओढतो."

म्हणालो, वेलक्रो लावून धुवायचं असतं हे मला माहीत आहे. माझा विषय आहे तो.

ती म्हणाली, "मग बरंच झालं."

उद्या: ब्रेस धुणे. वेलक्रो लावून.